नाळेची कात्री

खाडीपोरच्या पंचायतीत बायकांसाठी दोन जागा होत्या. त्यातली एक रंभाबाईंची, म्हणजे ओसरीवरच्या सतरंजीचा डावा कोपरा त्यांचा. दुसरी जागा सरपंच छगनभाईंच्या भावजयीची. ती कधी फिरकलीच नाही, तिची सही घरून येत असे. रंभाबाई मात्र प्रत्येक बैठकीला जायच्या. डोक्यावरून पदर घेऊन कोपऱ्यात बसायच्या आणि शेवटी वही पुढे आली की सही करायच्या. वही गुजरातीत. रंभाबाईंना पोथी वाचण्यापुरतं बाळबोध यायचं; पण डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं त्यांना पदर न घेतलेल्या परक्या बायांसारखी वाटत. काय लिहिलंय ते छगनभाई तोंडानं सांगत, आणि त्या देवावर हवाला ठेवून खाली ‘रंभाबाई’ असं लिहीत.

खाडीपोर म्हणजे भेस्तान स्टेशनाहून पायी अर्ध्या तासावरचं गाव. गाव गुजराती, पण खाडीच्या अंगाला जो फळिया होता, म्हणजे वस्ती, तो सगळा आपल्या माणसांचा. ताप्तीच्या गाडीत बसून खानदेशातून आलेली साठ-सत्तर घरं. पुरुष उधन्याला लूमवर, काही रेल्वेच्या गँगमध्ये. एवढी मतं एका फळियात म्हटल्यावर छगनभाईंनी तिथली एक बाई पंचायतीत घेतली. निवड रंभाबाईंची झाली, कारण त्यांचा कुणाला त्रास नव्हता. पहाटे तुळशीला पाणी आणि तीन माळा जप झाल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब घेत नसत. चातुर्मासात मौनानं जेवत. आवाज इतका हळू की शेजारची चंपाबाई म्हणायची, “रंभाबाई भांडायले लागनी तं पोथी वाची ऱ्हायनी असं वाटस.”

पण या बाईंच्या घरात एक दुःख घडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची सून सरला बाळंत झाली. मुलगा. गोरापान, वजनदार. नाळ कापली स्वयंपाकघरातल्या विळ्यानं, वर चुलीतली राख दाबली. रंभाबाईंच्या आईनं, आजीनं, सगळ्यांनी तसंच केलं होतं. सहा दिवस पोर नीट प्यालं. सातव्या दिवशी त्याला तोंड उघडेना. आठव्या दिवशी तोंडात दुधाचं बोट घालायला गेलं तर हिरड्या अशा मिटलेल्या, जणू कुलूप. पाठ धनुष्यासारखी वाकायची. फळियातल्या बायका म्हणाल्या, सटवाईनं एवढंच लिहिलं होतं. नंतर सुरतेच्या इस्पितळातल्या एका नर्सबेननं सांगितलं, “धनुर्वा. विळ्याचा गंज आणि राख, बाकी कंई नहीं.” रंभाबाईंनी तो विळा खाडीत फेकून दिला. पण तो विळा आपणच घासून आणून दिला होता, हे त्यांना काही फेकता आलं नाही.

म्हणून तालुक्याची योजना आली तेव्हा सगळ्यात आधी उठल्या त्या रंभाबाई. योजना सोपी होती. पंचायतीनं जागा द्यायची, लोकांनी अंगमेहनतीनं खोली बांधायची, तालुक्यानं एका दाईला शिकवायचं आणि बाळंतपणाची पेटी द्यायची. जागा मिळाली ती ऑफिसामागची, तळ्याकाठची, जिथं गावाची ढोरं बसत. शेण-चिखल उपसण्यापासून सुरुवात. चाळीस दिवस फळियातल्या बायकांनी माती वाहिली, रंभाबाईंनी उपासाच्या दिवशीही वाहिली. गावातलं एकही माणूस मातीला हात लावायला आलं नाही. फोटोच्या दिवशी मात्र सगळे आले.

दाई म्हणून शिकायला गेली धुरपदाबाई. तिचा नवरा रेल्वेत गँगमन, घर बौद्धांचं, माणसं भुसावळकडची. फळियातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. पण पोर हातात देऊन ती बाहेर पडली की घरोघरी बायका न्हायच्या. रंभाबाईही न्हायच्या. खोटं कशाला सांगा?

महिनाभरानं धुरपदा शिकून आली आणि तिच्यासोबत पेटी आली. कात्री, नाळ बांधायचे दोरे, साबण, ब्रश, आणि हे सगळं उकळायला स्टीलचं झाकणाचं पातेलं. धुरपदानं सगळ्यांना ते मांडून दाखवलं. “वीस मिनटं उकळायची. उकळल्याबिगर कात्रीला हात नाही.”

पहिलं बाळंतपण चंपाबाईच्या सुनेचं. सगळं नीट झालं आणि तिथंच घोटाळा झाला. आपल्याकडची रीत अशी, की नाळ ज्यानं कापली ते हत्यार बाळंतिणीच्या उशाशी ठेवायचं आणि पाचवीला पाट्यावर मांडून, हळदकुंकू वाहून सटवाईच्या पुढे पुजायचं. तोवर ते उचलायचं नाही. चंपाबाईनं विचारलं, “पाचवीले काय ठेवानं वं? इळा तं वापराच नही.” रीतभात विचारायची ती रंभाबाईंना. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, “कैची ठेवा.”

तिसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी रंभाबाई चंपाबाईकडेच बसल्या असता धुरपदा धावत आली. उखा हमालाची बायको अडली होती. “कात्री द्या.”

“पाचवी होऊ दे,” रंभाबाई म्हणाल्या. “देवाले बसाडेल वस्तू उठाडता येत नही.”

“बाई, देवाला विळा चालंल. बाळाला चालायचा नाही.”

रंभाबाईंना ते कळलं नाही असं नाही. कळलं. पण चार बायका बघत होत्या आणि सांगणारी धुरपदा होती. त्या म्हणाल्या, “दोन दिवसना तं प्रश्न शे.” धुरपदा गयावया करत राहिली, तेवढ्यात तिकडं उखाच्या आईनं गवताच्या विळ्यानं नाळ कापून टाकली. पोर सातव्या दिवशी गेलं.

त्या दिवसापासून रंभाबाईंना स्वतःची शिसारी बसली. जपाची माळ हातात घेतली की मणी चिकट लागत. उखाच्या घरावरून जाताना त्या मान खाली घालत.

छगनभाईंना मात्र ही आयती संधी. बैठकीत ते म्हणाले, “जुओ, तुमचे लोक सरकारी कातरला कुंकू लावून बसवतात. दाईच्या घरी पेटी ठेवायची नाही. ऑफिसच्या कपाटात राहील, चावी तलाटीकडे.” धुरपदाच्या घरात सरकारी वस्तू नको, हे खरं पोटात होतं, रंभाबाईंचं पाप त्याला झाकण म्हणून मिळालं. वही पुढे आली. रंभाबाईंनी लाजेनं मान वर न करता सही केली.

मग पेटी कपाटात गेली. बाळंतपण निघालं की धुरपदानं आधी तलाटी शोधायचा, तो जेवायला गेला असेल तर दारात उभं राहायचं. खोलीलाही कुलूपच. साहेबलोकांच्या हातून उद्घाटन व्हायचं होतं, आणि साहेबलोकांना सहा महिने वेळ नव्हता. तोवर खोलीत छगनभाईंचा कडबा होता.

अखेर तारीख ठरली. मार्गशीर्षातला गुरुवार.

आणि त्याच दिवशी सकाळी सरलाला कळा सुरू झाल्या.

“आत्या, पोट दुखी ऱ्हायनं वं,” सरला भिंतीला धरून उभी होती. तिचे डोळे मोठे झाले होते. कळांपेक्षा तिला विळ्याची भीती. “तुम्ही कैची आनशात ना?”

“आनस, बेटा.”

धुरपदा येऊन बसली होती. तिनं पोटावर हात ठेवून पाहिलं. “वेळ हाय. पण पहिलटकरीण नाही, दुपारच्या आत होणार. बाई, पेटी आणा. परवा फळियातल्या मंगलाबाईच्या नातीच्या वेळी वापरून परत दिलीय, तलाट्याकडंच हाय. आणि पातेलं विसरू नका.”

रंभाबाई ऑफिसात पोचल्या तेव्हा मांडव, पताका, झेंडूची तोरणं. मगन शिपाई घामाघूम.

“मगन, पेटी दे.”

“आज नहीं, बेन. आज पेटी टेबलवर मांडली. साहेब बघणार.”

“माझ्या घरी बाळंतपण आहे.”

“साहेब गया पछी लई जजो ने. एक कलाक!” तो निघून गेला, आणि तेवढ्यात जीप आली, त्यातून तालुक्याचे प्रमुख आणि डॉक्टरसाहेब उतरले. छगनभाईंनी त्यांना पाहिलं आणि हातानंच खूण केली, बसा, बसा, बायकांचीही संख्या दिसली पाहिजे. रंभाबाई आपल्या कोपऱ्यात बसल्या. वाटलं, एक तास म्हणजे काय, धुरपदा म्हणाली ना वेळ आहे.

तास कसला? आधी हार. मग छगनभाईंचं भाषण: लोक, पंचायत आणि सरकार, त्रणे भेगां मळीने, तिघं एकत्र. मग तालुक्याच्या प्रमुखांचं: अशी भागीदारी साऱ्या जिल्ह्यानं पाहावी. चाळीस दिवस माती वाहिलेल्या बायका मांडवाबाहेर उन्हात उभ्या होत्या, कारण खुर्च्या मोजक्या होत्या. बोलता बोलता छगनभाईंनी तळ्याकडे तोंड करून पानाची पिंक टाकली, ती खोलीच्या नव्या पांढऱ्या भिंतीवर उडाली. कुणाचंच लक्ष गेलं नाही. रंभाबाईंचं गेलं. त्या भिंतीचा चुना त्यांनी लावला होता.

समोरच्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर पेटी उघडी. कात्री मात्र तिच्यात नव्हती. ती एका पितळी ताटात होती. ताटात कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, आणि मधोमध नाळेची कात्री. दाराला बांधलेली लाल फीत तिनंच कापायची होती, कारण ऑफिसात दुसरी कात्री नव्हती. ताट धरून तलाटी उभा होता. उभ्या उभ्या कंटाळून त्यानं ती कात्री उचलली, बाजूला वळला, आणि मिशीचा बाहेर आलेला एक केस कचकन कापून पुन्हा कुंकवात ठेवली.

रंभाबाईंना किळस आली, पण ती फक्त तलाट्याची नव्हे. ते ताट, ते कुंकू, ती फुलं. त्यांना चंपाबाईच्या घरचा पाटा दिसला. हेच तर मी केलं. ह्यांनी साहेबांसाठी, मी सटवाईसाठी.

“पहेलां चा, चा!” छगनभाई ओरडले. मगननं कप फिरवायला सुरुवात केली. प्रमुखांनी घोट घेतला आणि म्हणाले, “वाह! आलं छान उतरलंय.” त्यांनी दुसरा कप मागितला.

रंभाबाईंपुढेही कप आला. त्यांनी मान हलवली.

“अरे, उपवासमां चा चाले, बेन!” छगनभाई हसले. “देव काई चाच्या विरुद्ध नथी!” सगळे हसले. सगळ्यांच्या नजरा वळल्या म्हणून रंभाबाईंनी कप घेतला. पदराआड तोंडाजवळ नेला. ओठ टेकणार, तोच चहाच्या सायीत काहीतरी पांढरं तरंगताना दिसलं.

बोटभर लांबीचा दोरा. जाड, दुहेरी पिळाचा, एका टोकाला गाठ.

तो दोरा त्यांनी डोळे मिटूनही ओळखला असता. त्यांनी सावकाश मान वळवली. मांडवाच्या मागं तीन विटांवर चूल होती, आणि चुलीवर स्टीलचं झाकणाचं पातेलं. परवाच्या बाळंतपणात त्यात कात्री आणि दोरे उकळले होते. मंगलाबाईच्या घरून तसंच आलं असेल, तळाशी दोरा चिकटलेला, आणि मगननं कपाटातून काढून सरळ दूध ओतलं असेल. पंचायतीत एवढं मोठं दुसरं भांडं कुठं होतं?

रंभाबाईंनी कप ओठांपासून दूर धरला. आणि मग डोळ्यांपुढं सरला आली, भिंतीला धरलेली.

त्या उठल्या. सतरंजीचा कोपरा सोडून बाई उठली हे पाहून हसणारे थांबले. रंभाबाई सरळ प्रमुखांच्या खुर्चीपुढे गेल्या. कपातला दोरा दोन बोटांनी काढला आणि त्यांच्या बशीत ठेवला.

“साहेब,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, पोथी वाचावी तसा. “हा नाळ बांधायचा दोरा आहे. चहा ज्यात झाला त्या पातेल्यात बाळंतिणीची हत्यारं उकळतात.”

प्रमुखांनी बशीकडे पाहिलं. मग हातातल्या दुसऱ्या कपाकडे. चेहरा आधी पिवळा, मग हिरवट झाला. ते रुमाल तोंडाला लावून मांडवामागं धावले. त्यांच्यामागं डॉक्टरसाहेबही.

“बेन! शुं बोलो छो!” छगनभाई उभे राहिले.

रंभाबाईंनी ताटातली कात्री उचलली. कुंकू पदराला पुसलं, पुन्हा पुसलं. पेटी बंद करून काखेत घेतली. चुलीशी जाऊन पदरानं धरून पातेलं उतरवलं आणि उरलेला सगळा चहा लिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकला.

“हा सरकारी माल छे!” छगनभाईंचा आवाज फाटला. “फीत कशानं कापायची?”

“हातानं तोडा,” रंभाबाई म्हणाल्या. “माती आम्ही हातानंच वाहिली.”

त्यांना कुणी अडवलं नाही. मांडवाबाहेरच्या बायका बाजूला झाल्या आणि मग एकेक करून त्यांच्या मागून चालू लागल्या. फीत शेवटी तलाट्यानं दातानं तोडली, असं मगन नंतर सांगत होता.

घरी पोचेपर्यंत सरला आडवी झाली होती. धुरपदानं कात्री पाहिली, कुंकवाचे डाग पाहिले आणि पातेल्याकडे बोट दाखवलं. रंभाबाईंनी पातेलं घासलं. राखेनं नव्हे, साबणानं. एकदा, दोनदा, तीनदा. आल्याचा वास जाईना. चौथ्यांदाही घासलं. मग पाणी, कात्री, दोरे, झाकण.

“वीस मिनटं,” धुरपदा म्हणाली. “घड्याळ?”

घड्याळ श्रीपतकडं, त्यांच्या मुलाकडं, आणि तो लूमवर. रंभाबाईंनी खुंटीवरची माळ काढली. “माझी एक माळ सात मिनिटांची. तीन म्हणते.”

पाणी खदखदू लागल्यावर त्या चुलीपुढे बसल्या. पहिली माळ. आतून सरलाचा आवाज. दुसरी माळ. आवाज वाढला. दुसरी संपली तेव्हा आत एकदम शांतता, आणि मग नुकत्या जन्मलेल्या पोराचं रडणं.

रंभाबाईंचा हात झाकणाकडे गेला.

“अजून एक, बाई,” आतून धुरपदा म्हणाली. “पोर माझ्या मांडीवर हाय, रडतंय, गुलाबी हाय. नाळ थांबते. तिला घाई नाही.”

तिसरी माळ रंभाबाईंनी कशी म्हटली ते त्यांनाच ठाऊक. प्रत्येक मण्याला उखाच्या घराचं दार दिसत होतं. शेवटचा मणी आला, मेरूमणी कपाळाला लावला, तेव्हा झाकण उघडलं. धुरपदानं साबणानं घासलेल्या हातांनी कात्री काढली. नाळ बांधली, कापली. वर काही लावलं नाही. राखेचं मडकं रंभाबाईंनी आधीच बाहेर ठेवलं होतं.

मुलगी झाली होती.

धुरपदा निघाली तेव्हा रंभाबाईंनी पेटी तिच्या हातात दिली. “तुझ्याकडे राहू दे. कुणी मागितली तर माझं नाव सांग.” धुरपदा उंबऱ्याबाहेर गेली. चंपाबाईनं सवयीनं न्हाणीत पाणी काढून ठेवलं होतं. रंभाबाईंनी ते पाहिलं आणि सरलाच्या अंघोळीसाठी आत नेऊन दिलं.

पाचवीला पाटा मांडला तेव्हा बायका कुजबुजल्या. हळद होती, कुंकू होतं, हत्याराची जागा रिकामी. कात्री त्या दिवशी सचिन गावाच्या वाटेवरच्या एका झोपडीत गेली होती. “कैची नही तं सटवाई काय लिखी वं?” चंपाबाईनं विचारलं.

“तिले लिखाले कैची नही लागस,” रंभाबाई म्हणाल्या.

सातवा दिवस गेला. त्या दिवशी रंभाबाईंनी तीनच्या सात माळा केल्या आणि तरी अन्न गोड लागलं नाही. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी हात साबणानं धुतले आणि करंगळीनं मुलीचे ओठ उघडून पाहिले. हिरड्या मोकळ्या होत्या. पोरीनं बोट धरलं आणि असं ओढलं की रंभाबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं.

तेवढ्यात दारात मगन उभा राहिला. हातात पंचायतीची वही.

“सही, बेन.”

“काय लिहिलंय?”

मगन घुटमळला. “तमे महेमानोनुं अपमान कर्युं, माटे तुमची जागा खाली करायची. खाली तुमची सही पायजे.” मग आवाज उतरवून म्हणाला, “अने साहेबनो शेरो पण आला. वाचू? ‘केंद्राचे काम समाधानकारक. चहापान उत्तम.’ शेरो छगनभाईए आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, साहेबे न वाचता सही केली.”

न वाचता सही. रंभाबाईंना ती किळस पुन्हा आली. आणि ती छगनभाईंपासून निघून साहेबांवरून फिरून आपल्याच दाराशी येऊन बसली.

“वही ठेव,” त्या म्हणाल्या. “मला ती अक्षरं येत नाहीत. शाळेतल्या मास्तरांकडून एकेक ओळ वाचून घेईन. आधीच्या पानांचीसुद्धा. मग सही करायची की नाही ते सांगेन.”

मगननं वही ओट्यावर ठेवली. जाताना वळून विचारलं, “बेन, ते तपेलुं, पातेलं... सोमवारी पाछा साहेबलोक येणार. चा कशात करूं?”

पोरीच्या लाळेनं भिजलेलं बोट रंभाबाईंनी पदराला पुसलं नाही. तसंच धरून त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या, तो मान खाली घालून निघून जाईपर्यंत.